कावसजी नायगमवाला : दुर्बीण आणि तिचा वारसा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण पुण्यात होती, ही गोष्ट आज पुणेकरांनाही फारशी ठाऊक नसते. आज ज्या आवारात अभियांत्रिकीचे शिक्षण दिले जाते, त्या तत्कालीन विज्ञान महाविद्यालयात ती वेधशाळा उभी राहिली. तिला भावनगरच्या महाराजांचे नाव होते. मात्र ती मागितली, आखली, उभारली आणि चालवली ती एकाच माणसाने. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हे त्यांचे नाव. भारतीय खगोलशास्त्राच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान आहे.

नायगमवाला यांचा जन्म १८५७ सालचा. मुंबई विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षी झाली. या पारशी तरुणाने मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि १८७८ मध्ये भौतिक व रसायनशास्त्र हे विषय घेऊन एम. ए. करताना कुलपतींचे सुवर्णपदक मिळवले. १८८२ मध्ये त्याच महाविद्यालयात ते प्रायोगिक भौतिकशास्त्राचे व्याख्याते झाले. प्रकाशाची वर्णरेषांमध्ये फोड करून पदार्थाची ओळख पटवणारे वर्णपटशास्त्र तेव्हा युरोपात नवे आणि तेजीत होते. सूर्यात कोणती मूलद्रव्ये आहेत, हे पृथ्वीवर बसून सांगता येते, या कल्पनेने त्या पिढीतील अनेक तरुण वैज्ञानिक भारावून गेले होते. नायगमवाला त्यांपैकीच एक.

त्याच वर्षी भावनगर संस्थानचे महाराजा तख्तसिंहजी यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयाला भेट दिली. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकलेले महाराज तेव्हा जेमतेम पंचविशीत होते. नायगमवाला यांनी त्यांच्यापुढे महाविद्यालयात वर्णपटशास्त्राची प्रयोगशाळा काढण्याचा प्रस्ताव ठेवला. महाराजांनी पाच हजार रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढीच रक्कम त्यात घातली. खासगी देणगी आणि तिच्या बरोबरीचे सरकारी अनुदान, ही वैज्ञानिक उपकरणांसाठी निधी उभारण्याची पद्धत आज सर्वत्र रूढ आहे. एका तरुण व्याख्यात्याने ती त्या काळी मुंबईत यशस्वी करून दाखवली.

उपकरणांच्या खरेदीसाठी नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले आणि तेथे योजनेचे रूपच पालटले. राजज्योतिषी विल्यम क्रिस्टी आणि सौरसंशोधक नॉर्मन लॉकियर यांनी त्यांना वेगळा सल्ला दिला. हा पैसा विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत न घालता त्यातून वर्णपटनिरीक्षणाची वेधशाळाच उभारावी, असा तो विचार होता. यात युरोपीय खगोलशास्त्राचाही लाभ होता. इंग्लंडचे आकाश ढगाळ. भारतात मात्र पावसाळा सरला की महिनोन्‌महिने स्वच्छ आकाश मिळते. नायगमवाला यांना हा बदल पटला.

तथापि मुंबईची दमट सागरी हवा दुर्बिणीला मानवणारी नव्हती. पर्याय पुण्याचा होता. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरचे, कोरड्या हवेचे हे शहर वेधांसाठी अधिक सोयीचे. म्हणून १८८५ मध्ये नायगमवाला यांची बदली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात झाली आणि त्यांच्यापाठोपाठ योजनाही पुण्यास आली. १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सिद्ध झाली. डब्लिनच्या सर हॉवर्ड ग्रब यांच्या कारखान्याशी जिचे नाव जोडले गेले, ती वीस इंची आरशाची दुर्बीण तेथील प्रमुख उपकरण ठरली. पुढे कित्येक दशके तिच्याहून मोठी दुर्बीण या देशात आली नाही.

दुर्बीण हे खरे पाहता प्रकाश गोळा करण्याचे पात्र. त्या प्रकाशाचे पुढे काय करायचे, हे तिच्या शेवटाशी जोडलेले उपकरण ठरवते. तेथे डोळा लावला तर तारा दिसतो; वर्णपटमापक लावला तर तो तारा कशाचा बनला आहे, हे कळते. नायगमवाला यांच्या योजनेत प्रारंभापासूनच वर्णपटमापकाला प्राधान्य होते आणि दुर्बीण त्याच्यासाठी आणलेली होती. भारतात हा दृष्टिकोन तेव्हा अगदी नवा होता.

या उपकरणाचे चीज लवकरच झाले. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती कशाची, यावरून लॉकियर आणि विल्यम हगिन्स यांच्यात वाद पेटला होता. लॉकियर यांच्या मते ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कड होती. विश्व उल्कांच्या धडकांतून घडले, हा त्यांचा सिद्धांत या मतावर विसंबून होता. तशी कड असती, तर रेषा एका बाजूने पुसट व्हायला हवी होती. नायगमवाला यांनी पुण्याहून वेध घेतले आणि १८९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला, की ती रेषा बारीक आणि दोन्ही बाजूंनी रेखीव आहे. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली होती, त्यांच्याच सिद्धांताला हा निष्कर्ष प्रतिकूल होता. तरीही नायगमवाला यांनी जे दिसले तेच लिहिले. ती रेषा ऑक्सिजनची असल्याचे पुढे विसाव्या शतकात सिद्ध झाले.

त्यांच्या कारकिर्दीतील दुसरा मोठा प्रसंग २२ जानेवारी १८९८ चा, खग्रास सूर्यग्रहणाचा. चंद्राची गडद छाया कोकण किनाऱ्यावरून ईशान्येकडे जाणार होती. दक्षिणेस पणजीत आणि उत्तरेस सुरतेजवळच्या चलथाणसारख्या गावांत सूर्य अंशतःच झाकला जाणार होता. मधल्या अरुंद पट्ट्यात मात्र भरदिवसा अंधार पडणार होता. लॉकियर यांनी विजयदुर्गच्या किल्ल्यावर तळ ठोकला. तेथील साहेबाचे ओटे आजही त्याची साक्ष देतात. नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर हे ठिकाण निवडले. दुष्काळाच्या झळा नुकत्याच सोसलेल्या आणि प्लेगने ग्रासलेल्या मुलखात अवजड उपकरणे नेऊन त्यांनी छावणी उभारली. सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीसाठी ही सारी सिद्धता होती. त्या अवधीत सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रे घेण्यात आली आणि त्यांवरचा त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला.

त्याच जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथकही विल्यम कॅम्पबेल यांच्या नेतृत्वाखाली आले होते. लिक वेधशाळेची कथा पुण्याच्या वेधशाळेशी ताडून पाहण्याजोगी आहे. दोन्ही १८८८ मध्येच सुरू झाल्या आणि दोन्ही धनिकांच्या देणगीतून उभ्या राहिल्या. जेम्स लिक यांनी सात लाख डॉलर ठेवले होते, त्यामुळे रकमांची तुलना होणे नाही. परंतु फरक केवळ रकमेचा नव्हता. लिक यांची वेधशाळा पूर्ण होताच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्वाधीन झाली. संचालक बदलत गेले, नवनवी उपकरणे जोडली गेली आणि ती वेधशाळा आजही चालू आहे. पुण्यात मात्र नायगमवाला हेच योजक, तेच निरीक्षक आणि वेधशाळेचा भवितव्याचा आधारही तेच.

दुर्बीण विकत घेण्याचा खर्च एकदाच होतो. ती जिवंत ठेवण्याचा खर्च कधी संपत नाही. त्या काळच्या काचेच्या आरशांवरील चांदीचा मुलामा हवेने काळवंडे आणि पुन्हा चढवावा लागे. आकाशाच्या गतीबरोबर दुर्बीण फिरवणारी यंत्रणा सतत निगा मागे. या कामात मुरलेली माणसे लागतात आणि एका पिढीने दुसरीला शिकवावे लागते. पुण्यात अशी परंपरा निर्माण झाली नाही. १८९६ मध्ये महाराजांचे निधन झाले. दरम्यान सरकारने सौरसंशोधनासाठी दक्षिणेत कोडाईकनाल येथे वेधशाळा उभारली आणि ती १८९९ मध्ये सुरू झाली. १८९८ च्या ग्रहणासाठी विदर्भात तळणी येथे आलेले जॉन एव्हरशेड पुढे तेथे रुजू झाले आणि १९०९ मध्ये त्यांनी सौरडागांतील वायूंच्या प्रवाहाचा महत्त्वाचा शोध लावला.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि त्यांच्यासोबत वेधशाळाही संपली. तिची उपकरणे कोडाईकनालला पाठवण्यात आली. वीस इंची दुर्बीण दीर्घकाळ तेथे पडून राहिली. भावनगर दुर्बीण हे नाव तेवढे तिला चिकटून राहिले. अनेक वर्षांनी ती पुन्हा वापरात आली आणि नव्या वेधशाळेसाठी जागेची पारख करण्याकरिता लडाखमध्ये लेहपर्यंतही पोहोचली. नायगमवाला निवृत्तीनंतर सव्वीस वर्षे जगले. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुण्याचे खगोलशास्त्राशी तुटलेले नाते शतक संपता संपता पुन्हा जुळले. आयुका ही संस्था तेथे स्थापन झाली, नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली आणि आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर दोन मीटर व्यासाची दुर्बीण आली. २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तीस मीटर दुर्बिणीच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातील सहभागासाठी १२९९.८ कोटी रुपये मंजूर केले. पाच हजारांच्या त्या देणगीपासून येथवरचा पल्ला थक्क करणारा आहे.

आकडे बदलले, प्रश्न मात्र तोच आहे. आजच्या मोठ्या दुर्बिणींची उपकरणे आखण्यात आणि बांधण्यात दहा-दहा वर्षे जातात. ज्याने योजना मांडली, तो ती पूर्ण होईपर्यंत निवृत्तही झालेला असतो. म्हणूनच उपकरणाच्या अंदाजपत्रकात काच आणि धातू यांच्याइतकीच तरतूद माणसांची, त्यांच्या शिक्षणाची आणि त्यांच्या नंतरच्या माणसांचीही असावी लागते. नायगमवाला यांनी देणगीदार मिळवला, सरकारला राजी केले, उत्तम उपकरण आणले आणि त्यातून जगाच्या नोंदीत राहील असे काम केले. एका माणसाने करण्याजोगे सर्व त्यांनी केले. उत्तराधिकारी देणे हे एका माणसाचे काम नव्हते. ते संस्थेचे आणि सरकारचे होते, आणि ते झाले नाही. गोव्यासारख्या लहान राज्यातही प्रयोगशाळांच्या नव्या इमारतींची उद्घाटने होत असतात. त्या प्रत्येक वेळी या पारशी प्राध्यापकाच्या वेधशाळेचे स्मरण ठेवणे हिताचे ठरेल.