जोसेफिन कॉक्रन

रात्रीची जेवणे आटोपली, की घरातील मंडळी विसावतात; परंतु स्वयंपाकघरात उष्ट्या भांड्यांची रास तशीच पडलेली असते. ती उपसण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या घरातील बायकांच्या किंवा नोकरचाकरांच्याच वाट्याला आले. या कामाला ना कधी मान मिळाला, ना कोणी त्याचा फारसा विचार केला. अशा उपेक्षित कामाकडे एका स्त्रीने शोधक दृष्टीने पाहिले आणि भांडी धुण्याचे पहिले यशस्वी यंत्र निर्माण केले. तिचे नाव जोसेफिन कॉक्रन.

जोसेफिनबाईंचा जन्म ८ मार्च १८३९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. त्यांचे वडील जॉन गॅरिस हे इंजिनिअर होते. वाफेवर चालणारी नौका बनविणारे जॉन फिच हे त्यांच्या आजोळकडील पूर्वज. यंत्रांचा वारसा असा दोन्ही घराण्यांतून आला होता; परंतु त्या काळी मुलींना यंत्रविद्येचे शिक्षण मिळत नसे. इ. स. १८५८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, विल्यम कॉक्रन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे इलिनॉय राज्यातील शेल्बिव्हिल या गावी त्यांचा संसार थाटला.

कॉक्रन कुटुंब सुखवस्तू होते. घरी वरचेवर मेजवान्या होत. त्यासाठी चिनी मातीच्या वडिलार्जित, मौल्यवान बशा काढल्या जात. धुताना नोकरांच्या हातून त्यांचे टवके उडत. म्हणून बाई स्वतःच त्या धुऊ लागल्या. पण लवकरच त्या कामाला विटल्या. भांडी धुण्याची काही यंत्रे तोवर निघाली होती. इ. स. १८५० मध्येच जोएल हॉटन यांनी दांड्याने फिरविण्याच्या एका लाकडी यंत्राचे पेटंट घेतले होते. परंतु त्याने भांडी नीट निघत नसत. तेव्हा चांगले यंत्र आपणच तयार करावे, असे जोसेफिनबाईंनी ठरविले.

इतक्यात इ. स. १८८३ मध्ये त्यांच्यावर आकाश कोसळले. विल्यम कॉक्रन निधन पावले. मागे रोकड थोडी आणि कर्ज मात्र पुष्कळ उरले. कालपर्यंत जी केवळ एक कल्पना होती, तीच आता चव्वेचाळीस वर्षांच्या त्या विधवेचा आधार झाली.

घरामागील खोपटात काम सुरू झाले. प्रथम त्यांनी कपबश्यांची मापे घेतली व त्या मापांचे तारेचे कप्पे बनविले. हे कप्पे एका आडव्या चाकावर बसवून ते चाक तांब्याच्या मोठ्या हंड्यात ठेवले. चाक फिरू लागे आणि खालून साबणाचे गरम पाणी जोराने भांड्यांवर उडे. भांडी घासावयाची नाहीत, तर पाण्याच्या माऱ्याने स्वच्छ करावयाची, हेच त्यांच्या यंत्राचे मर्म होते. जॉर्ज बटर्स नावाच्या कारागिराची त्यांना मदत झाली. इतर कारागीर मात्र बाईंचे सांगणे सहजासहजी मानीत नसत. ते आपल्याच पद्धतीने काम करीत, त्यात फसत, आणि मगच बाईंच्या मार्गाने जात. अखेर २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांना ३,५५,१३९ क्रमांकाचे पेटंट मिळाले.

यंत्र तयार झाले. आता ते विकायचे होते. शिकागोच्या पामर हाउस या हॉटेलने एक यंत्र घेतले. नंतर त्या शेर्मन हाउस या दुसऱ्या मोठ्या हॉटेलात गेल्या. वडील किंवा पती सोबत असल्यावाचून त्या कधी कोठे गेल्या नव्हत्या. ते भव्य दालन एकटीने ओलांडताना आपल्याला मूर्च्छा येणार, असे त्यांना वाटले. यंत्र बनविण्यापेक्षाही ती काही पावले त्यांना अवघड गेली. पण त्या परतल्या त्या आठशे डॉलरांची मागणी घेऊनच! धंद्याची सूत्रे पुरुषाच्या हाती द्यावीत, असा भांडवलदारांचा आग्रह होता. तो त्यांनी साफ नाकारला. इ. स. १८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या यंत्राला पारितोषिक मिळाले.

हॉटेलांनी यंत्र स्वीकारले, तरी घराघरांत मात्र ते पोहोचले नाही. त्याची किंमत मोठी होती आणि त्याला लागणारे भरपूर गरम पाणी सामान्य घरात मिळत नसे. ऑगस्ट १९१३ मध्ये बाईंनी जगाचा निरोप घेतला. इ. स. १९२६ मध्ये त्यांची कंपनी होबार्ट कंपनीत विलीन झाली आणि इ. स. १९४९ मध्ये किचनएड या नावाने घरगुती यंत्र बाजारात आले. इ. स. २००६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांच्या राष्ट्रीय सन्माननामावलीत त्यांच्या नावाचा समावेश झाला.

त्या काळी गरम पाण्याचीच अडचण होती, आणि आजही या यंत्राची खरी कसोटी तीच आहे. यंत्राला लागणाऱ्या विजेचा मोठा भाग पाणी तापविण्यात खर्च होतो. म्हणून जे यंत्र कमी पाण्यात भांडी स्वच्छ करते, तेच वीजही वाचविते. आजच्या चांगल्या यंत्राला एका वेळेस साधारण १० ते १५ लिटर पाणी पुरते. मात्र खरकटे आधी काढून टाकावे, पाणी सर्वत्र पोहोचेल अशी भांडी रचावीत आणि यंत्र पूर्ण भरल्यावरच ते चालू करावे.

भांड्यांचे कप्पे आणि पाण्याचा मारा ही जोसेफिनबाईंची युक्ती आजच्या यंत्रांतही टिकून आहे. ज्या कामाला जगाने क्षुद्र मानले, त्यातूनच त्यांनी आपले कर्तृत्व घडविले. बुद्धीला कोणतेही काम हलके नसते, हेच त्यांचे जीवन सांगते.