शालू, नथ आणि नाट्यपद

मुंबईत १२ मार्च १९११ रोजी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग होता. भामिनीची भूमिका करणाऱ्या बावीस वर्षांच्या नटाची लहानगी मुलगी त्याच दिवशी दगावली होती. तरीही त्याने तोंडाला रंग लावला, भरजरी वस्त्रे नेसली, दागिने चढविले आणि प्रयोग पार पाडला. पुढची अनेक वर्षे मराठी स्त्रीच्या साजशृंगाराचा मानदंड ठरलेला हा नट म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व.

२६ जून १८८८ रोजी जन्मलेल्या नारायणाचा गोड गळा लहानपणीच लोकांच्या नजरेत भरला. ‘बालगंधर्व’ हे नाव त्याला लोकमान्य टिळकांनी दिले, असे सांगितले जाते. १९०५ मध्ये तो किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला आणि शकुंतलेच्या भूमिकेने त्याची कारकीर्द सुरू झाली. गायनाची तालीम भास्करबुवा बखले यांच्यासारख्या थोर गवयाकडून मिळाली.

घरंदाज स्त्रीने रंगभूमीवर पाऊल ठेवणे तेव्हा अशक्यप्राय होते. स्त्री-भूमिका पुरुषच करीत. परंतु लुगडे नेसलेला पुरुष आणि रंगमंचावर वावरणारी कुलीन स्त्री यांतले अंतर बालगंधर्वांनी पुसून टाकले. निऱ्यांची ठेवण, खांद्यावरचा पदर, केसांतली फुले, नाकातली नथ, गळ्यातले मोत्यांचे सर या प्रत्येक गोष्टीमागे त्यांचा विचार असे. सोन्याच्या तारेत मोती गुंफून, मधोमध खडा बसवून कारागिराने हाताने घडविलेली नथ ही मुळातच चेहऱ्याकडे लक्ष वेधून घेणारी वस्तू. दूर बसलेल्या प्रेक्षकाच्या नजरेतही ती भरली पाहिजे आणि गाताना तिचा अडथळाही होता कामा नये, असा दुहेरी तोल त्यांना सांभाळावा लागे.

त्यांची नाटके पाहायला मध्यमवर्गीय स्त्रिया मोठ्या संख्येने येऊ लागल्या आणि घरी जाताना पदराची नवी तऱ्हा, केशरचनेची नवी कल्पना घेऊन जाऊ लागल्या. पुरुषांत ‘गंधर्व टोपी’ रूढ झाली. स्त्रीने कसे नटावे हे एका पुरुषाकडे पाहून ठरावे, हा त्या काळाचा विरोधाभासच होता. पण ज्या समाजाने स्त्रीला स्वतःच्या रूपाचा जाहीर अभिमान बाळगू दिला नाही, त्या समाजात नटण्याला प्रतिष्ठा मिळाली ती याच वाटेने.

या रूपाला जोड होती ती लोकप्रिय संगीताची. शास्त्रोक्त गाणे तोवर दरबारात आणि मोजक्या बैठकींत अडकलेले होते. ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंबे यांच्या आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवांच्या चालींनी ते सामान्य प्रेक्षकाच्या ओठांवर आले. रागाची शुद्धता राखूनही शब्दाचा भाव न सोडणारी बालगंधर्वांची गायकी ध्वनिमुद्रिकांवरून घरोघरी पोचली. आजच्या भाषेत ज्याला पॉप संगीत म्हणतात, त्याचे स्थान त्या काळच्या महाराष्ट्रात नाट्यपदांना होते.

मात्र शृंगार म्हणजे केवळ झगमगाट अशी त्यांची समजूत नव्हती. ‘मानापमान’चा विषयच धन आणि शौर्य यांतला झगडा हा आहे. श्रीमंत भामिनी पुढे गरीब वनमालेच्या वेशात वावरते आणि त्या साधेपणातच तिला प्रेम उमगते. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’तील सिंधू तर त्याहून पुढची. दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसारातली ती पतिव्रता. भरजरी शालूसाठी ख्यातनाम असलेल्या या नटाने तिच्यासाठी विटके लुगडे नेसले. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या भूमिकेने प्रेक्षागृहे रडविली. वेश भूमिकेसाठी असतो, नटासाठी नव्हे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

व्यवहारात मात्र हे भान टिकले नाही. टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत खऱ्या रेशमी वस्त्रांवर, गालिच्यांवर, अत्तरांवर पैसा पाण्यासारखा खर्च झाला. भागीदार एकामागून एक दूर झाले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत केशवराव भोसले यांच्यासह टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा गाजलेला प्रयोग झाला, त्याच सुमारास मंडळी कर्जात बुडाली होती. बालगंधर्वांनी कर्ज स्वतःच्या शिरावर घेतले आणि वर्षानुवर्षे गाऊन ते फेडले. थाट मात्र कमी केला नाही. ज्या वैभवाने प्रेक्षक जिंकले, त्यानेच त्यांचे घर रिकामे केले.

बोलपट आले आणि नाटकांचा प्रेक्षक ओसरला. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. परंतु कॅमेऱ्यापुढे त्यांचे मन रमले नाही. पन्नाशीकडे झुकलेले शरीर घेऊन ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. प्रेक्षकाला आता तरुण भामिनी दिसत नव्हती; ऐकू मात्र येत होती. स्वतः गायिका-अभिनेत्री असलेल्या गोहरबाई कर्नाटकी यांच्याशी त्यांनी १९५१ मध्ये विवाह केला. उत्तरायुष्य आर्थिक विवंचनेत आणि आजारपणात गेले. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १५ जुलै १९६७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. पुण्यातील ज्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला त्यांच्याच हस्ते बसविली गेली होती, ते त्यांच्या मृत्यूनंतर, २६ जून १९६८ रोजी, म्हणजे त्यांच्या जन्मदिनी खुले झाले.

त्यांचे रूप आता कृष्णधवल छायाचित्रांत उरले आहे आणि त्यांत शालूचा रंग दिसत नाही. आवाज मात्र जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या खरखरीतूनही स्वच्छ ऐकू येतो. त्यांनी अंगावर चढविलेल्या सगळ्या अलंकारांत टिकाऊ ठरला तो हाच.