जॉन बॉइड डनलॉप

डनलॉप हे नाव टायरवर उठविलेले आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. परंतु ते एका गुरांच्या डॉक्टरचे नाव आहे, हे फारच थोड्यांस ठाऊक असते.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म स्कॉटलंडातील ड्रेगहॉर्न या गावी ५ फेब्रुवारी १८४० रोजी झाला. एडिंबरो येथे पशुवैद्यकाचे शिक्षण पुरे करून ते १८६७ साली आयर्लंडात गेले व पुढे बेलफास्ट शहरात त्यांनी आपला व्यवसाय थाटला. तो उत्तम चालला. पण त्यांचे नाव झाले ते गुरांमुळे नव्हे, तर त्यांच्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीमुळे.

त्या काळी सायकलीच्या चाकांस भरीव रबराची धाव असे. बेलफास्टच्या दगडी फरसबंदीवरून जाताना मुलाचे अंग खिळखिळे होई. १८८७ साली डनलॉप यांनी पातळ रबराची नळी करून ती एका लाकडी तबकडीभोवती बसविली, वर कापड ताणले आणि फुटबॉलच्या पंपाने आत हवा भरली. मग सायकलीचे जुने चाक व ही तबकडी त्यांनी अंगणात एकामागून एक घरंगळत सोडली. जुने चाक अर्ध्या वाटेतच कलंडले. हवेची तबकडी अंगण ओलांडून फाटकावर आपटली व उसळून मागे आली. १८८८ साली त्यांना पेटंट मिळाले. या जाड्या टायरांस लोक प्रथम हसले. पण १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या मैदानावर विल्यम ह्यूम या स्वाराने त्यांच्याच बळावर शर्यती जिंकल्या, आणि हसणारे गप्प झाले.

तथापि हवा हा मोठा बेभरवशाचा नोकर आहे. ती रबरातून हळूहळू झिरपत असते आणि जाताना निरोप घेत नाही. हवा कमी झालेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, दबल्याने तापतो, आणि भर वेगात फुटतो. चाकाने ही वर्दी आपण होऊन द्यावी, ही सोय मोटारीत येण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९८६ सालच्या पोर्श ९५९ या मोटारीत ती होती. तिचे दोन प्रकार आहेत. एकात प्रत्येक चाकाच्या आत, बहुधा व्हॉल्व्हपाशी, बॅटरीवर चालणारे लहानसे यंत्र असते. हवेच्या दाबाने त्यातील पातळ पडदा कमीअधिक वाकतो व ते माप रेडिओलहरींनी मोटारीकडे जाते. दुसऱ्या प्रकारात हवा मोजलीच जात नाही. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित घटतो, म्हणून तेवढ्याच वाटेत ते सोबत्यांहून अधिक फेरे घेते. ब्रेकसाठी बसविलेली यंत्रे ते फेरे मोजतात. ही युक्ती आम्हांस फार चतुर वाटते. मात्र चारही चाकांची हवा सारखीच उतरली, तर नुसत्या तुलनेने फसगत होते. दोष आढळताच चालकापुढे पिवळा दिवा लागतो. अमेरिकेत २००७ पासून व युरोपात २०१४ पासून नव्या मोटारींत ही सोय सक्तीची आहे. ज्या पालकांच्या मोटारीत ती नाही, त्यांनी पंपावर दाब मोजून घेण्याचा कंटाळा करू नये.

डनलॉप यांचे पुढे काय झाले? पेटंट मिळून दोन वर्षे होतात न होतात तोच ते निरर्थक असल्याचे त्यांस कळविण्यात आले. रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश गृहस्थांनी १८४५ सालीच हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते व लंडनमध्ये घोडागाडीवर ते चालवूनही दाखविले होते. त्या वेळी सायकलींचा प्रसार नव्हता, म्हणून ते विस्मृतीत गेले. डनलॉप यांस त्याची वार्ताही नव्हती; त्यांनी चोरी केली नाही, पण पहिलेपणाचा मान टॉमसन यांचाच, असे आम्हांस वाटते. हार्वे द्यू क्रो यांनी डब्लिन येथे कंपनी काढली व वाढविली. डनलॉप तीतून लवकरच बाहेर पडले. १८९६ साली ती तीस लाख पौंडांस विकली गेली, तेव्हा त्या संपत्तीत त्यांचा वाटा नव्हता. डब्लिन येथे कापडाच्या व्यापारात लक्ष घालून त्यांनी उर्वरित आयुष्य शांतपणे घालविले आणि २३ ऑक्टोबर १९२१ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. तोवर त्यांचे नाव धारण करणारे टायर देशोदेशींच्या रस्त्यांवर धावत होते.