कोळशाच्या खाणीतून पार्लमेंटमध्ये : कीर हार्डी

ज्याची शाळा आठव्या वर्षाच्या आतच सुटली, असा एक मुलगा पुढे ब्रिटनच्या पार्लमेंटचा सभासद झाला आणि मजूर पक्षाच्या संस्थापकांत अग्रणी ठरला. त्याचे नाव जेम्स कीर हार्डी.

स्कॉटलंडच्या लॅनर्कशायर परगण्यात 15 ऑगस्ट 1856 रोजी त्याचा जन्म झाला. आई मोलकरीण, सावत्र वडील जहाजावरचे सुतार. ग्लासगोत वडिलांचे काम बंद पडले तेव्हा एका बेकरीत काम करणाऱ्या या पोराच्या पगारावर घर चाले. भाऊ आजारी, आई गरोदर. रात्रभर जागून त्याला कामावर दोनदा उशीर झाला. मालकाने आठवड्याचा पगार कापून ऐन नववर्षाच्या तोंडावर त्याला काढून टाकले. हा अन्याय तो जन्मभर विसरला नाही.

दहाव्या वर्षी तो कोळशाच्या खाणीत शिरला. खाणीत हवा खेळती राहावी म्हणून जे लाकडी दार असते, ते गाड्या आल्या की उघडायचे आणि गेल्या की लावायचे, हे त्याचे काम. दहा-दहा तास अंधारात एकट्याने बसायचे. आईने घरी त्याला वाचायला शिकवले होते. पुढे तो रात्रशाळेत जाऊ लागला. तिथे दिव्याची सोय नव्हती; विद्यार्थी आपापल्या मेणबत्त्या घेऊन येत. खाणीत दिव्याच्या काजळीने दगड काळा करायचा आणि त्यावर टाचणीने अक्षरे कोरायची, अशा रीतीने त्याने लघुलेखन शिकून घेतले.

लिहिता-बोलता येणारा हा तरुण साहजिकच खाणकामगारांचा पुढारी झाला. मालकांनी त्याला व त्याच्या भावांना कामावरून काढले आणि आसपासच्या खाणींची दारेही त्यांना बंद केली. हार्डींनी मग वृत्तपत्रात लेखन करून पोट भरले आणि 1886 मध्ये ते एअरशायरच्या खाणकामगार संघटनेचे चिटणीस झाले.

1888 साली ते मिड लॅनर्कची पोटनिवडणूक लढवायला उभे राहिले. माघार घ्या, पुढे सुरक्षित जागा आणि वर्षाला 300 पौंड देऊ, असे लिबरल पक्षाकडून सुचविण्यात आले. संसार गरिबीचा असूनही त्यांनी ते नाकारले. मते पडली अवघी 617. परंतु 1892 मध्ये लंडनजवळच्या वेस्ट हॅम मतदारसंघाने त्यांना निवडून दिले. उंची टोप्या आणि काळे कोट घालणाऱ्या सभासदांत हे गृहस्थ साध्या कापडी टोपीने आणि जाड्याभरड्या सुटाने जाऊन बसले.

जून 1894 मध्ये वेल्समधील एका खाणीत स्फोट होऊन 290 कामगार मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी राजघराण्यात पुत्रजन्म झाला. सभागृहाने राजघराण्याचे अभिनंदन केले. पण मृतांच्या कुटुंबीयांसाठी दुखवट्याचे चार शब्द त्यात घालण्याची हार्डींची मागणी मान्य झाली नाही. तेव्हा त्यांनी एकट्याने त्या ठरावाला विरोध केला. भोवती हुर्यो उडाली, पण ते डगमगले नाहीत. 1895 मध्ये ते पराभूत झाले. 1900 साली वेल्समधील मर्थर टिडफिल या खाणींच्याच मुलखाने त्यांना पुन्हा पार्लमेंटमध्ये धाडले. 1906 मध्ये मजूर पक्षाचे 29 सभासद निवडून आले आणि हार्डी त्यांचे पहिले नेते झाले.

वंगभंगाच्या चळवळीने देश पेटलेला असताना, 1907 मध्ये, ते हिंदुस्थानात आले. कॅनडासारखे स्वराज्य हिंदी लोकांनाही मिळावे असे त्यांनी उघड सांगितले, तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. स्त्रियांच्या मताधिकाराचाही त्यांनी पुरस्कार केला. 1914 च्या महायुद्धाला त्यांनी विरोध केला, तेव्हा त्यांच्याच मतदारसंघातील सभा लोकांनी उधळून लावली. या दुःखाने ते खचले आणि 26 सप्टेंबर 1915 रोजी ग्लासगोत निवर्तले.

1945 मध्ये त्यांच्या पक्षाला प्रथमच स्पष्ट बहुमत मिळाले. त्याच सरकारच्या काळात 1947 साली आपला देश स्वतंत्र झाला, आणि तोही हार्डींच्या जन्मतारखेला, 15 ऑगस्टला!

विद्यार्थी मित्रांनो, हार्डींनी विद्या मिळवली ती खाणीतून स्वतःपुरती सुटका करून घेण्यासाठी नव्हे. जे मागे खाणीत राहिले त्यांच्यासाठी ती वापरली. आणि पालकांनी ध्यानात ठेवावे, की या साऱ्याच्या मुळाशी दिवसभराच्या कष्टांनंतर मुलाला अक्षरओळख करून देणारी एक गरीब आई होती.