लान्स टॉड

अंड्याच्या आकाराचा लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे. तो हाताने पुढे फेकायचा नाही, मागून येणाऱ्या सोबत्याकडेच द्यायचा. विरुद्ध संघातील खेळाडू कंबरेला मिठी मारून खाली पाडतात. त्यांना चुकवून चेंडू मैदानाच्या शेवटच्या रेषेपलीकडे टेकवायचा. हा झाला रग्बीचा खेळ. आपल्याकडे तो फारसा खेळला जात नाही. पण कबड्डी खेळणाऱ्या मुलांना त्यातील पकड आणि चपळाई लगेच ओळखीची वाटेल.

लान्स टॉड हे या खेळातील नामांकित खेळाडू. त्यांचा जन्म न्यूझीलंडमध्ये झाला आणि तेथेच ते रग्बी शिकले. त्या काळी रग्बीचा एक कडक नियम होता. खेळाडूने खेळाबद्दल एक पैसाही घ्यायचा नाही. श्रीमंतांना या नियमाचा त्रास नव्हता. इंग्लंडच्या उत्तर भागातील खेळाडू मात्र कोळशाच्या खाणीत आणि कापडाच्या गिरण्यांत राबणारे कामगार होते. शनिवारी सामना खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडे. मालेगाव-भिवंडीच्या मुलांना हे समजावून सांगायला नको. माग बंद राहिला तर घरात काय होते, हे ती जाणतात. बुडालेली मजुरी भरून द्यावी, एवढीच त्या क्लबांची मागणी होती. ती फेटाळली गेली. तेव्हा १८९५ साली हडर्सफिल्ड शहरात एकत्र येऊन त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. पुढे त्यांच्या खेळाला रग्बी लीग म्हणू लागले. त्यात पंधराऐवजी तेरा खेळाडू असतात.

ही बातमी न्यूझीलंडपर्यंत पोहोचली. टपाल खात्यात काम करणाऱ्या अल्बर्ट बास्करव्हिल या तरुणाने १९०७ मध्ये इंग्लंडला जाण्यासाठी एक संघ जमवला. खर्चासाठी खेळाडूंनी पदरचे पैसे घातले. टॉड या संघात होते. जुन्या संघटनेने या सर्वांवर जन्मभराची बंदी घातली. न्यूझीलंडच्या प्रसिद्ध संघाला काळ्या पोशाखामुळे 'ऑल ब्लॅक्स' म्हणत. हे खेळाडू पैशासाठी खेळतात म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांना 'ऑल गोल्ड्स', म्हणजे सगळे सोन्याचे, असे चिडवले. चिडवण्यासाठी दिलेले हे नाव पुढे इतिहासात मानाने लिहिले गेले. या संघाने ब्रिटनमधील कसोटी मालिका २-१ अशी जिंकली. दुर्दैवाने परतीच्या वाटेवर ब्रिस्बेन येथे बास्करव्हिल न्यूमोनियाने वारले. तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते.

टॉड इंग्लंडमध्येच स्थायिक झाले. १९०८ मध्ये विगन क्लबने त्यांना आपल्याकडे घेतले आणि पुढच्याच वर्षी विगन विजेता ठरला. नंतर ते ड्यूसबरी क्लबकडूनही खेळले. खेळणे थांबल्यावर ते एका गोल्फ क्लबचे चिटणीस झाले. बहुतेक खेळाडूंची गोष्ट अशा ठिकाणी संपते. टॉड यांचे खरे मोठे काम मात्र यानंतरचे आहे.

मँचेस्टरला लागून असलेले सॅलफर्ड हे तेव्हा गोदी आणि गिरण्यांचे शहर होते. तेथील रग्बी क्लब हलाखीत होता. संघ सारखा हरत होता आणि तिजोरी रिकामी होती. १९२८ मध्ये या क्लबने टॉड यांना व्यवस्थापक नेमले. नामवंत खेळाडू विकत घेण्याइतका पैसा नव्हता. म्हणून टॉड होतकरू मुलांच्या शोधात निघाले. वेल्समध्ये त्यांना गस रिस्मन हा सतरा वर्षांचा मुलगा सापडला. त्याचे आईवडील लाटविया देशातून कार्डिफला आले होते. वेल्समध्ये तेव्हा खाणी बंद पडत होत्या आणि बेकारी वाढली होती. तेथून आणखीही चांगले खेळाडू सॅलफर्डला आले. जुन्या संघटनेत परतण्याचा मार्ग आपल्याला कायमचा बंद होणार, हे त्यांना ठाऊक होते. तरीही ते आले, कारण घरी चूल पेटायला हवी होती. टॉड स्वतः याच वाटेने आलेले होते. या मुलांची अडचण त्यांच्याइतकी कोणाला कळणार?

अशा मुलांतून त्यांनी संघ उभा केला. १९३३, १९३७ आणि १९३९ साली सॅलफर्डने विजेतेपद पटकावले. १९३४ मध्ये हा संघ फ्रान्सला गेला. तेथे या खेळाची नुकतीच सुरुवात होत होती. लाल पोशाखातील या खेळाडूंचा झपाटा पाहून फ्रेंच लोकांनी त्यांना 'लाल सैतान' हे नाव दिले. सॅलफर्डच्या लोकांना ते इतके आवडले, की २०१४ मध्ये क्लबने 'रेड डेव्हिल्स' हेच नाव घेतले.

१९३८ च्या मे महिन्यात लंडनच्या वेम्बली मैदानावर चॅलेंज कपचा अंतिम सामना झाला. सॅलफर्डसमोर बॅरोचा संघ होता. ४-४ अशी बरोबरी असताना अगदी शेवटच्या क्षणी सॅलफर्डच्या गिअरने चेंडू रेषेपलीकडे टेकवला आणि सामना ७-४ असा जिंकला. कर्णधार रिस्मनला करंडक कोणी दिला असेल? क्रिकेटचे महान फलंदाज डॉन ब्रॅडमन यांनी! ते तेव्हा ऑस्ट्रेलियाचा संघ घेऊन इंग्लंडला आले होते.

रेडिओवरून सामन्यांचे वर्णन करणारे म्हणूनही टॉड घरोघरी माहीत झाले होते. महायुद्ध चालू असताना, नोव्हेंबर १९४२ मध्ये मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्या स्मरणार्थ १९४६ पासून चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूला लान्स टॉड करंडक दिला जातो. खेळाडूची निवड पत्रकार करतात. तो जिंकणाऱ्याच संघातील हवा, अशी अट नाही. १९६८ मध्ये मुसळधार पावसात लीड्स आणि वेकफिल्ड यांचा अंतिम सामना झाला. वेकफिल्डचा डॉन फॉक्स सुरेख खेळला आणि सामना संपण्याआधीच पत्रकारांनी त्याची निवड केली. शेवटच्या क्षणी लीड्स ११-१० असा पुढे होता. फॉक्सने खांबांच्या अगदी समोरून एक सोपा चेंडू मारला असता, तर वेकफिल्ड जिंकले असते. ओल्या गवतावर त्याचा पाय घसरला आणि चेंडू बाहेर गेला. कप लीड्सने नेला. टॉड यांच्या नावाचा करंडक मात्र फॉक्सलाच मिळाला.