भद्राचलचे भक्त रामदास

हैदराबादच्या गोवळकोंडा किल्ल्यात भाविकांस एक अंधारी कोठडी दाखविली जाते. तिच्या भिंतीवर देवमूर्ती कोरलेल्या आहेत. भक्त रामदास येथे सुमारे 12 वर्षे बंदिवासात होते, असे परंपरा सांगते.

17 व्या शतकातील या रामभक्ताचे मूळ नाव कंचर्ल गोपन्ना. कुतुबशाहीत ते तहसीलदार होते. गोदावरीतीरी भद्राचल येथे त्यांनी श्रीरामाचे मंदिर उभारले. त्यासाठी सरकारी महसूल खर्च केल्याचा आरोप होऊन त्यांना कैद झाली. बंदिवासातील म्हणून गाइल्या जाणाऱ्या त्यांच्या तेलुगू कीर्तनांत शरणागती आहे, तसेच देवाशी भांडण आहे. देवासाठी घडविलेल्या दागिन्यांचा हिशेबही आहे.

राम-लक्ष्मणांनी स्वतः येऊन ती रक्कम भरली व अबुल हसन तानाशाहाने रामदासांची सुटका केली, अशी आख्यायिका आहे.

कर्म रामदासांनी स्वेच्छेने केले आणि त्याचे फळही भोगले. ईश्वराने तो भोग टाळला नाही. मात्र भोगताना त्यांचे नाम सुटले नाही. तक्रारीचेच भजन झाले. हीच आध्यात्मिक उन्नती, असे आम्ही मानतो. देवाचे द्रव्य हाताळणाऱ्या आम्हां विश्वस्तांनी तर हे चरित्र नित्य स्मरावे.

॥ श्रीरामार्पणमस्तु ॥