योगाला मोजपट्टी लावणारे स्वामी

मैत्रिणींनो, आधी माझी एक चूक सांगते. शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर बचत गटाच्या बायकांना मी आसनं शिकवत होते. नौकासन चाललं होतं. मी मोठ्याने आकडे मोजत होते, कोणी सोडायचं नाही म्हणून दटावत होते. एका मावशींनी श्वास कोंडून आसन धरून ठेवलं. सोडून उठल्या तर डोळ्यांपुढे अंधारी आली, मटकन खाली बसल्या. मागून कळलं, त्यांना बी.पी.ची गोळी चालू आहे. मी आधी विचारलंच नव्हतं! पुढे त्या बऱ्या झाल्या, पण मला रात्रभर झोप आली नाही. तेव्हा आठवण झाली ती स्वामी कुवलयानंदांची.

त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेत डभोईला, एका गरीब मराठी घरात त्यांचा जन्म झाला. मुलगा हुशार. १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे बडोद्याला जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं अंग घाम गाळून घडवलं. मग खानदेशात अमळनेरला शिकवायला गेले. देशसेवेचं वेड होतंच, लग्नसंसारात ते पडले नाहीत.

१९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसरला त्यांना परमहंस माधवदासजी हे गुरू भेटले. त्यांच्याकडे ते योग शिकले. दुसरा कोणी असता तर डोळे मिटून बसला असता. पण हे मास्तरच! शरीरात नेमकं काय होतं, हे त्यांना पाहायचं होतं. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना उड्डियान आणि नौली करायला लावून एक्स-रे काढले. गुरूंवर श्रद्धा होती, पण आसनं तपासायला ती आड आली नाही.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला त्यांनी कैवल्यधाम सुरू केलं. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून प्रयोगांचे निकाल छापायला सुरुवात केली. नौली करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब कमी होतो, हे त्यांनी उपकरण लावून दाखवलं आणि त्या पोकळीला गुरूंचं नाव दिलं. सर्वांगासन, मत्स्यासन करताना रक्तदाबाचं काय होतं, तेही मोजलं. १९२७ मध्ये खुद्द गांधीजींनी तब्येतीसाठी त्यांचा सल्ला घेतला. १९३६ मध्ये मुंबईत चौपाटीला योगाचं आरोग्य केंद्र उभं राहिलं. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजी गेले, पण लोणावळ्याचं काम आजही चालू आहे.

आता म्हणाल, याचा आमच्या पाड्याशी काय संबंध? सांगते. आसन धरून स्थिर राहणं, भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, या सगळ्यात स्नायू न हलता ताणलेले असतात. त्यात रक्तदाब भराभर चढतो, श्वास कोंडला तर आणखीच. गंमत म्हणजे त्या मानाने नाडी फारशी पळत नाही. म्हणून नुसती नाडी बघून भागत नाही, किती जोर पडतोय हेही विचारावं लागतं. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी पुढे या जाणिवेला ६ ते २० असे आकडेच दिले. आकड्यापुढे शून्य मांडलं की चालण्या-धावण्यात नाडीचा साधारण अंदाज येतो. स्थिर ताणात मात्र तो फसवा ठरतो.

आणि आपल्या बायकांचा ताण काय वर्गातच सुरू होतो? तानसा आणि भातसा शहापुरातच, पण उन्हाळ्यात हंडे आमच्याच डोक्यावर! हंडा सावरताना मान-खांदे तसेच ताठ असतात. जी पहाटेपासून चार खेपा करून आली आणि जी घरून थेट आली, त्या दोघींना मी एकच आकडा कसा लावू?

आता मुरबाडला असो की शहापूरला, माझा वर्ग असा चालतो. आधी प्रत्येकीला गोळ्या, दुखणी विचारते. बी.पी., हृदयविकार किंवा दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारून या म्हणते. मनगटावर बोटं ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजायचे, चाराने गुणायचे. आधी आणि नंतरही. आसन धरलेलं असताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलताना दम तुटला किंवा श्वास कोंडला, की आसन सोडायचं. पहिल्या दिवशी दहा सेकंद पुष्कळ झाले. छातीत दुखलं, गरगरलं तर तिथेच थांबायचं.

मोठ्याने आकडे म्हणणं मी बंद केलंय. त्या मावशी परत येतात. परवा त्यांनीच शेजारणीचा हात धरून तिचे ठोके मोजून दाखवले. माझ्या आधी!